भजनातली रिकामी जागा

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण. बोलणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहेत. बोलणं जसं झालं तसंच छापलं आहे.)

मैत्रिणींनो, जेवणं उरकली असतील, भांडी घासायची राहिली असतील. राहू द्यात थोडा वेळ. ज्या रानात आहेत त्यांनी बांधावर सावलीला बसून ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक झाली. पैसे गोळा झाले, सह्या झाल्या, कर्जाचा विषय संपला आणि मग नेहमीसारख्या गप्पा सुरू झाल्या. एक मावशी म्हणाल्या, "आमच्या नातवाला देव नको झालाय. पुण्याहून आला, दोन दिवस राहिला, देवघराकडं बघितलंसुद्धा नाही." दुसरी म्हणाली, "माझ्या सुनेनं मार्गशीर्षातले गुरुवार सोडले." तिसरी म्हणाली, "सगळं त्या मोबाइलनं वाटोळं केलं बघा." आणि मग एकजण माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, दुसऱ्याचं कशाला बोलायचं? तुमच्या जाऊबाई भजनाला येत नाहीत त्याला किती वर्षं झाली? त्याही नास्तिक झाल्या का?"

मी त्या वेळी काही बोलले नाही. चहाचे कप गोळा करायचं निमित्त करून उठले. मला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, म्हणूनच उठले. ते उत्तर आज मी तुम्हाला सांगणार आहे. जावेला विचारून सांगतेय. ती म्हणाली, "सांगा अक्का. पण सांगायचं तर सगळं सांगा, तुमचं पण."

पण त्याआधी जरा मोठ्या विषयाकडं बघू. माणसं देवाधर्मापासून लांब का जातात?

खरंच लांब चाललेत का?

आधी हे खरं आहे का ते बघू या. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसं जातात. नवरात्रात गडांवर पाय ठेवायला जागा नसते. काही वर्षांपूर्वी प्यू रिसर्च सेंटर नावाच्या संस्थेनं आपल्या देशात जवळजवळ तीस हजार माणसांना भेटून विचारलं होतं. त्याचा अहवाल २०२१ साली आला. शंभरातल्या ९७ जणांनी सांगितलं की आम्ही देव मानतो. दुसरीकडं इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याच २०२१ सालच्या जनगणनेत शंभरातल्या ३७ जणांनी 'आमचा कुठलाच धर्म नाही' असं लिहून दिलं. दहा वर्षांपूर्वी तिथं असं लिहिणारे २५ होते. म्हणजे तिकडं माणसं उघड सांगून बाहेर पडतात.

आपल्याकडं तसं होत नाही. आपल्याकडं माणूस 'देव नाही' असं म्हणत दार आपटून जात नाही. तो हळूच मागं सरकतो. लग्नात अक्षता टाकतो, पोराचं बारसं करतो, फॉर्मवर धर्म लिहितो. पण मन त्यात राहिलेलं नसतं. काहींचं उलटं असतं. त्यांचं मन देवात असतं, पण पाय देवळाकडं वळत नाहीत. ही दोन वेगळी माणसं आहेत. आपण मात्र दोघांनाही एकच नाव देतो, नास्तिक. आशाचं काम करताना मला एक गोष्ट कळली आहे. ताप सगळ्यांना सारखाच येतो, पण कारण विचारल्याशिवाय गोळी देता येत नाही. मलेरियाचा ताप वेगळा, टायफॉइडचा वेगळा. तसंच हे आहे.

रान सुटलं, सण सुटला

पहिलं कारण अगदी साधं आहे. ते कुणाच्या पापाचं नाही की कुणाच्या शहाणपणाचं नाही.

आपला धर्म पोथीत कमी आणि रानात जास्त होता. बेंदराला बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, पुरणपोळी आधी बैलाला द्यायची, मग आपण खायची. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन उकरायची नाही. नवरात्रात घटाला रानातली माती आणायची, त्यात धान्य पेरायचं आणि नऊ दिवसांत कसं उगवतं ते बघायचं. यातलं प्रत्येक काम शेताशी बांधलेलं होतं. आता बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला. दारात बैलच नाही तर बेंदूर कुणाचा करायचा? मातीचा बैल आणून पूजा होते, पण ज्याच्या मानेवरचं जू आपण रोज उतरवलं त्या बैलाला ओवाळणं आणि बाजारातून आणलेल्या मातीच्या बैलाला ओवाळणं यात फरक पडतोच.

माझा एक पुतण्या पिंपरीला कारखान्यात आहे. तीन पाळ्यांत काम, एका खोलीत चौघं. त्याच्या सणाला भावकी नाही, गल्ली नाही, चूक झाली तर सांगणारी आजी नाही. त्याचा देव कुणी काढून घेतला नाही. झाड उपटून दुसरीकडं लावताना मुळाची माती गळून पडते, तसं झालं. मावशींचा नातू देवघराकडं बघत नाही, याचं अर्धं उत्तर इथं आहे. त्याला देवघरातले टाक कुणाचे आहेत हेच कुणी सांगितलेलं नाही. आपणही त्याला 'नमस्कार कर' एवढंच सांगतो. तुमच्या टाकांवर कोण आहे, हे तुमच्यातल्या किती जणी सांगू शकतील? मीसुद्धा सासूबाईंना विचारून शिकले, तेही लग्नाला दहा वर्षं झाल्यावर.

देवी आली आणि देवी गेली

दुसरं कारण माझ्या कामातलं आहे. माझ्या आजे सासूबाईंच्या तोंडावर व्रण होते. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. त्या रोगाचं नावच देवी. घरात कुणाला देवी आली की तिला औषध करायचं नाही, तिला थंड करायचं. कडुलिंबाचा पाला लावायचा, शितळादेवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, घरात फोडणी द्यायची नाही. पोर वाचलं तर देवीची कृपा, गेलं तर देवीचा कोप.

मग गावोगाव टोचणारे आले. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही, आणि १९८० साली सगळ्या जगातून हा रोग गेल्याचं जाहीर झालं. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, देवी हा आजार होता?" तिला ते माहीतच नव्हतं. जिला आपल्या आज्या थरथरत नमस्कार करायच्या, ती भीती एका सुईनं संपली.

म्हणजे भीतीपोटी जो देव मानला होता, तो भीती गेल्यावर जातो. पाऊस, साप, बाळंतपण, साथ या सगळ्याला आपण पूर्वी देवच आडवा घालायचो, कारण दुसरं काही हातात नव्हतं. आता दवाखाना आहे, लस आहे, १०८ची गाडी आहे. मी याला वाईट म्हणणार नाही. बाळंतपणात बाई वाचते, याच्यापेक्षा मोठं पुण्य कुठलं? पण एक लक्षात घ्या. शितळासप्तमी आजही होतेच. बाया त्या दिवशी आदल्या दिवशीचं गार अन्न खातात, लेकरांसाठी हात जोडतात. रोग गेला, तरी लेकराची काळजी गेली नाही. भीतीचा भाग गळला आणि मायेचा भाग राहिला. मला वाटतं, श्रद्धेचं असंच काहीतरी होत असावं.

प्रश्न विचारला की गप्प

तिसरं कारण घरात आहे, आणि त्यात आपण बायकाच पुढं आहोत.

श्रावण लागला की माझ्याकडं बाया हळूच येतात. "ताई, पाळी पुढं ढकलायची गोळी आहे का?" गौरी बसवायच्या असतात, घरात दुसरं कुणी करणारं नसतं आणि तारीख नेमकी तेव्हाच येते. मेडिकलमधून कुणी परस्पर आणून घेतात. मैत्रिणींनो, आशा म्हणून आधी सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नका. कुणाला रक्तदाब असतो, कुणाला रक्ताची गुठळी होण्याचा त्रास असतो, त्यांना ती धोक्याची ठरू शकते. आणि आता आई म्हणून सांगते. माझ्या मुलीनं मला विचारलं, "आई, गौरी माहेराला आलेली लेक म्हणतेस ना तू? मग लेकीला लेकीची पाळी चालत नाही का?"

मी तिला काय म्हणाले असेन? "जास्त शहाणपणा करू नकोस." पंधरा वर्षं गावातल्या पोरींना पाळीत स्वच्छता कशी ठेवायची हे शिकवणारी मी, माझ्याकडं माझ्या पोरीला उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणून मी तिला गप्प केलं. त्या वर्षी तिनं आरतीला हात जोडले नाहीत. मला वाटलं, कॉलेजात जाऊन बिघडली. आता वाटतं, ती त्याच दिवशी एक पाऊल मागं सरकली, आणि ढकललं मी.

गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहिले की समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. प्रश्न विचारून त्यांचं कीर्तन कधी ओस पडलं नाही, उलट माणसं रात्र रात्र बसायची. आपल्याच संतपरंपरेत प्रश्नाला एवढी जागा आहे, मग आपल्या स्वयंपाकघरात का नसावी?

आणखी एक आहे, कष्टाचं. घरातला धर्म बायकांच्या हातावर चालतो. उपास बाईचा, सोवळं बाईचं, पुरण बाईनं वाटायचं, अकरा सवाष्णी बाईनं जेवू घालायच्या. आता तीच बाई सकाळी कांदा काढायला मजुरीला जाते किंवा एमआयडीसीत कंपनीत जाते. सुनेनं गुरुवार सोडले म्हणून सासू चिडते. पण त्या गुरुवारी सून किती वाजता उठली होती, हे कुणी बघितलं का? काही वेळा माणूस देवाला कंटाळत नाही, कामाला कंटाळतो.

फसवलं एकानं, राग दुसऱ्यावर

चौथं कारण पैशाचं आणि फसवणुकीचं आहे. आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका तरुण बाईच्या बाळाला झटके येत होते. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला. त्यानं उतारा सांगितला, कोंबडं मागितलं, पाच हजार घेतले आणि तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी ती बाई कुणाचं न ऐकता बाळ पदराखाली घेऊन माझ्याकडं आली. आम्ही सरकारी दवाखान्यात नेलं, बाळ वाचलं, आज शाळेत जातं. पण ती बाई त्यानंतर गावच्या देवळातही जात नाही. तिला देवऋषी आणि देव यांतला फरक आता दिसत नाही. तिला कोण दोष देणार? आपल्या राज्यात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी अनेक वर्षं चळवळ केली आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. तो कायदा देवाच्या विरुद्ध आहे असं आपल्याला सांगतात. मला वाटतं, असल्या भोंदू माणसाला वेळीच अडवलं असतं, तर त्या बाईचं देऊळ सुटलं नसतं.

पोरं आणखी बरंच बघतात. पैसेवाल्याला दर्शनाची वेगळी रांग. वर्गणी दिली नाही तर दमदाटी. मिरवणुकीत डीजे एवढा की म्हाताऱ्याच्या छातीत धडधडावं. धर्माच्या नावानं शेजाऱ्याशी भांडण. आपण त्यांना देव्हाऱ्यातली शांतता दाखवायला जातो, त्यांना आधी रस्त्यावरचा गोंगाट दिसतो.

दार आतून बंद होतं

आता शेवटचं कारण. हे सगळ्यात जुनं आहे.

पंढरपूरला नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. एवढा मोठा भक्त, पण देवळाच्या आत जागा नाही, बाहेर. चोखोबांनी भक्ती सोडली नाही. पण सगळ्यांनी किती शतकं बाहेर उभं राहायचं? १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरात जाता यावं म्हणून डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला. काही वर्षं तो चालला, दार उघडलं नाही. १९३५ साली येवल्याला त्यांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांबरोबर त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. आधी ती माणसं आत येऊ म्हणत होती, हे विसरू नका. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. आणि बायकांचं म्हणाल, तर शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यायला २०१६ साल उजाडावं लागलं, तेही उच्च न्यायालयानं सांगितल्यावर.

म्हणजे काही माणसं देवापासून लांब जात नाहीत. त्यांना लांब ठेवलेलं असतं. आणि कोर्टात जाता येईल अशी मोठी देवळं सोडा, आपल्या घरात, आपल्या भजनी मंडळातसुद्धा अशी दारं आहेत.

आता माझ्या जावेचं सांगते.

२०२१चा एप्रिल. कोरोनाची दुसरी लाट. देवळं पुन्हा बंद झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी तर पालख्यासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल. माझ्या धाकट्या दिरांना ताप आला, दम लागला. गाडीत घालून दवाखान्यात कोणी नेलं? ज्याला आपण देव मानत नाही म्हणून नावं ठेवतो, त्या पिंपरीच्या पुतण्यानं. गावात कुणी जवळ यायला तयार नव्हतं. जावेनं बंद देवळाच्या दाराशी उभं राहून नवस बोलला. नवव्या दिवशी दीर गेले. घरी आणलेसुद्धा नाहीत. जाऊ तेव्हा चौतीस वर्षांची होती, दोन लहान लेकरं.

दहाव्याला बायका जमल्या. तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. ती हात मागं घेत होती. मैत्रिणींनो, तिचा हात धरून ठेवणारी मी होते. कुणी सांगितलं म्हणून नाही, 'करावं लागतं' म्हणून. तिच्या मनगटाला काच लागली, ती मीच पुसली. मी आशा आहे ना, माझ्याकडं कापूस होता.

पुढं सगळं निवळलं, देवळं उघडली, शुक्रवारचं भजन सुरू झालं. जावेचा आवाज चांगला आहे, आधी तीच चाल धरायची. ती आली, बसली, गायली. भजन संपलं. बुक्का सगळ्यांना लावला, तिलाही लावला. मग हळदीकुंकवाचं ताट फिरलं. तिच्यापाशी आलं आणि पुढं गेलं. कुणी वाईट बोललं नाही. कुणी बघितलंसुद्धा नाही. ताट फक्त पुढं गेलं. पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. आम्ही म्हणालो, नवस फळला नाही म्हणून देवावर रुसली. नंतर म्हणालो, नास्तिक झाली.

त्या बैठकीनंतर मी घरी गेले आणि तिला पहिल्यांदा विचारलं. एवढी वर्षं एका अंगणात राहून पहिल्यांदा. ती म्हणाली, "अक्का, नवसाचा राग होता, पण तो वर्षात गेला. एवढी माणसं गेली, देव कुणाकुणाला पुरणार? पण ताट पुढं गेलं, ते काही मनातून जात नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "मी रोज दिवा लावते. तुम्हाला माहीत नाही. दार लावून घेते."

दार लावून दिवा लावते. आणि आम्ही गावभर सांगत होतो की तिचा विश्वास उडाला. तिचा विश्वास उडाला होता, पण देवावरचा नाही, आमच्यावरचा.

मग काय केलं?

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. २०२२च्या मे महिन्यात, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, त्या गावच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्यानंतर राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडसारखं करा म्हणून सांगितलं. ग्रामपंचायत करू शकते, तर भजनी मंडळ का नाही?

मी आमच्या मंडळात विषय काढला. आधी स्वतःचं सांगितलं, हात मी धरला होता म्हणून. चौदा जणी होतो. तरुण बाया लगेच हो म्हणाल्या. सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल? आमच्या एका म्हाताऱ्या आत्यांनी, ज्यांचा नवरा त्यांच्या विसाव्या वर्षी गेला. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी कुणी ताट थांबवलं नाही. आता हिच्यासाठी का थांबवायचं?" कुणी काही बोललं नाही. मग आत्याच पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. साठ वर्षांचं रडणं होतं ते. मी त्यांना समजवायला गेले नाही. नुसती जवळ बसले.

शेवटी असं ठरलं की भजनानंतर फक्त बुक्का लावायचा, आणि तो सगळ्यांनी सगळ्यांना लावायचा. ताट फिरवायचं नाही. सगळ्या खूश नाहीत. दोघी जणी अजून कुरकुर करतात. जाऊ अजून भजनाला आलेली नाही. मी तिला ओढत नाही. एकदा हात धरून ओढलाय, पुन्हा नाही. पण शुक्रवारी भजनाचा आवाज आमच्या अंगणात येतो, तेव्हा ती पायरीवर येऊन बसते. मागच्या शुक्रवारी तिनं दार लावलं नव्हतं, एवढंच सांगते.

मैत्रिणींनो, देव आहे की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. मी सकाळी तुळशीला पाणी घालते, माझा पुतण्या घालत नाही. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं प्रत्येकाला आपल्या मनाप्रमाणं मानायचं स्वातंत्र्य दिलं आहे, त्यात न मानणाराही आला. ज्याला विचार करून पटत नाही, त्याला नावं ठेवू नका. तो माणूस म्हणून कसा आहे ते बघा. पण जो दुखावून लांब गेलाय, त्याला नास्तिक म्हणून मोकळं होऊ नका. ते सोपं पडतं, कारण मग आपल्याला काही करावं लागत नाही. माझ्या लेकीला मी फोन करून सांगितलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं गं, म्हणून ओरडले." ती हसली. म्हणाली, "आई, एवढंच सांगायला चार वर्षं?"

पुढच्या बैठकीत सह्या झाल्या की हे चार प्रश्न एकमेकींना विचारा. आपल्या गावात कोण देवळात किंवा भजनात येईनासं झालं, आणि त्यांना आपण कधी कारण विचारलं का? आपल्या पोरांचा कुठला प्रश्न आपण गप्प करून टाकला? सणाच्या दिवशी घरात कोण किती राबतं? आणि आपल्या हातातलं ताट कुणाच्या पुढून तसंच निघून जातं?

चौथ्या प्रश्नाला वेळ लागेल. आम्हालाही लागला. आता भांडी घासून घ्या.